हाफ मॅरेथॉन: आठव्या किलोमीटरनंतरचा चढ आणि माझा पेस

पायपीट:

नमस्कार मंडळी. इथले पळण्याचे धागे बरेच दिवस नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सात आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन (२१.०९७५ किमी) आहे. माझी दुसरी. पहिली गेल्या वर्षी झाली आणि तिची आठवण काढायला नको वाटतं. टार्गेट २ तासांचं, म्हणजे किमीला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा पेस (५:४१). पहिले १० किमी ५६:२० मध्ये गेले. म्हणजे ५:३८ ने. म्हटलं झकास, अर्धा मिनिट खिशात पडलं. चौदाव्या किमीला पाय जड व्हायला लागले, सोळाव्याला चक्क चालत होतो आणि फिनिशला घड्याळात २:१४:००. उरलेल्या ११.१ किमीची सरासरी ७:००. आधी ज्यांना मागे टाकलं होतं ते एकेक करून "चला, चला, थोडंच राहिलंय" म्हणत पुढे गेले. ते सगळ्यात जास्त लागलं.

यंदाचा रूट असा: पहिले २ किमी रुंद रस्ता, हलका उतार (एकूण १२ मीटर). २ ते ८ सपाट, पण वळणं पुष्कळ. ८ ते ११ सलग चढ, ६६ मीटर. ११ ते १२ सपाट. १२ ते १५ उतार, ६० मीटर. १५ ते १९ नदीकाठचा उघडा रस्ता. १९ नंतर एक उड्डाणपूल, तो उतरला की फिनिश.

आत्ताची तयारी: आठवड्यातून चार दिवस, ४० ते ४५ किमी. लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) १६ किमीपर्यंत पोचलाय. गेल्या रविवारी सपाट रूटवर १० किमीची रेस पळालो, ५६:१०.

पहिला प्रश्न, यंदा २ तास होतील का? दुसरा, सुरुवातीला जोरात सुटायची माझी खोड कशी मोडायची? आणि तिसरा, त्या चढाचं काय करायचं?

मागचीबेंच:

मी पयला!

भावा, फार हिशोब करू नकोस. २ तासांचा झेंडा घेऊन ठरल्या वेळात पळणारा पेसर असतो, त्याचा झेंडा धर आणि डोकं बंद करून पळ. होऊन जाईल.

किलोमीटरवाली:

पायपीट, तुमचे आकडे पुन्हा एकदा वाचा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही जोरात सुटलात. ५:४१ ऐवजी ५:३८ म्हणजे फक्त ३ सेकंद. एवढ्याशा चुकीने कुणी सोळाव्या किमीला चालायला लागत नाही.

आता दुसरी जोडी बघा. आत्ताची तुमची १० किमीची रेस ५६:१०, जीव तोडून पळालेली. गेल्या वर्षी हाफमधले पहिले १० किमी ५६:२०. म्हणजे आज जे तुम्ही पूर्ण ताकद लावून पळता, तेच गेल्या वर्षी कमी तयारीत, पुढे ११ किमी शिल्लक असताना पळालात! सुरुवात चुकली नव्हती हो, टार्गेटच चुकलं होतं. २ तास हा आकडा गोल दिसतो म्हणून आपण सगळे तो धरतो. पायांना गोल आकडा कळत नाही.

पीट रीगेल नावाच्या इंजिनिअरचं एक जुनं सूत्र आहे, बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर तेच वापरतात. अंतर वाढलं की वेळ त्याहून थोड्या जास्त पटीने वाढतो, घातांक १.०६. सगळी आकडेमोड केली की एवढंच उरतं: १० किमीच्या रेसच्या वेळेला २.२०६ ने गुणा. तुमचे ५६:१० म्हणजे २:०३:५६. २ तासांसाठी १० किमी साधारण ५४:२३ मध्ये यायला हवेत. आणि हे सपाट रूटचं गणित झालं, तुमचा चढ यात धरलेलाच नाही.

शिवाय हे सूत्र असं गृहीत धरतं की लांब पळण्याची तयारीही तेवढीच पक्की आहे. लाँग रन १६ वर थांबला तर तेवढंही मिळणार नाही.

पायपीट:

>>सुरुवात चुकली नव्हती हो, टार्गेटच चुकलं होतं.

हे वाचून पाचेक मिनिटं नुसता बसून होतो. वर्षभर सगळ्यांना "जोरात सुटलो" असं सांगत फिरलोय.

शंकासुर:

एक शंका. ते २१.०९७५ चं ०९७५ कुठून आलं? सरळ २१ का नाही?

घड्याळवेडा:

शंकासुर, पूर्ण मॅरेथॉनचं ते अर्धं. ४२.१९५ हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं. विंडसरच्या राजवाड्यापासून सुरुवात आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोर शेवट, असा रूट आखला आणि तो तेवढा भरला. १९२१ मध्ये तेच अंतर अधिकृत ठरलं. अवांतराबद्दल क्षमस्व.

आता मुद्द्याचं. पायपीट, तुमच्या घड्याळात गेल्या वर्षी फिनिशला किती अंतर दिसलं?

पायपीट:

२१.३४. आयोजकांनी रूट लांब मोजलाय असं तेव्हा आम्ही सगळे बोलत होतो.

घड्याळवेडा:

तेच ऐकायचं होतं. रूट बहुधा बरोबर असणार, लांब पळालात तुम्ही.

प्रमाणित रूट सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात आणि आधी मोजून ठेवलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे तपासून घेतात. मग रूटवर शक्य तितक्या आखूड रेषेने जातात, वळणावर आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर सोडून. त्यातही अंतर चुकून कमी भरू नये म्हणून ०.१ टक्का जास्तीचं धरतात. हाफला ते २१ मीटर होतं.

आता गर्दीत ३० सेंटिमीटरवरून कोण पळतं? आपण वळणावर बाहेरून जातो, लोकांना चुकवायला डावीउजवीकडे होतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो. त्यावर जीपीएसचा स्वतःचा वळवळाट, उंच इमारती आणि पुलाखाली तर विचारूच नका. त्यामुळे घड्याळात २१.२ ते २१.४ दिसणं अगदी नेहमीचं.

पेसवर याचा थेट परिणाम होतो. २ तासांसाठी कागदावर ५:४१, पण घड्याळाच्या हिशोबाने तुम्ही २१.३४ पळणार असाल तर घड्याळात ५:३७ दिसायला हवेत. घड्याळात शेवटपर्यंत ५:४१ बघत खूश राहणारा माणूस फिनिशला मिनिट-सव्वा मिनिट उशिरा पोचतो आणि आयोजकांना शिव्या घालतो.

उपाय दोन. एक म्हणजे पुढचं वळण लांबून दिसलं की त्याच्या आतल्या कोपऱ्याकडे सरळ रेषेत जायचं. तुमच्या २ ते ८ मध्ये वळणं भरपूर आहेत, तिथे हे फार कामाला येईल. (रस्ता बंद केलेला असेल तिथेच हं, वाहतूक चालू असेल तर आपली कडा सोडायची नाही.) दुसरं म्हणजे घड्याळाचा ऑटो लॅप (दर किमीला आपोआप होणारी वेळेची नोंद) बंद करा आणि किमीची पाटी आली की हाताने लॅपचं बटण दाबा. एखादी पाटी दहावीस मीटर इकडेतिकडे लावलेली असते, त्यामुळे एका लॅपवरून घाबरू नका, एकूण वेळ बघा.

आणि चालू क्षणाचा पेस दाखवणारा तो आकडा स्क्रीनवरून काढूनच टाका. तो ५:२० वरून ६:१० वर उड्या मारतो आणि त्याच्यामागे आपणही.

चढउतार:

तिसरा प्रश्न माझा. आयडीच तसा आहे :)

३ किमीत ६६ मीटर म्हणजे २.२ टक्के. रूटच्या आलेखात हा चढ भिंतीसारखा दिसत असेल, कारण त्यात उभा अक्ष ताणलेला असतो. त्याला घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. सलग ३ किमी म्हणजे तुमच्या पेसने अठरा-एकोणीस मिनिटं चढायचंय.

माझा अंदाज असा असतो: दर १ टक्का चढाला किमीमागे ८ ते १० सेकंद जातात. दर १ टक्का उताराला साधारण ५ च परत मिळतात. म्हणजे चढावर घालवलेलं उतारावर सगळं वसूल होतं हा निव्वळ भ्रम. उतारावर पाय ब्रेक लावतात, त्यात स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि मांड्यांची पुढची बाजू ठेचल्यासारखी होते. उतारावर उधळलेल्या माणसाला त्याचं बिल १७ व्या किमीला येतं.

त्यामुळे चढावर पेस बघायचाच नाही. श्वास बघायचा. सपाटीवर ज्या जोराने पळत होतात तोच जोर चढावर ठेवा, पेस पडेल तेवढा पडू द्या. मला स्वतःला खूण सापडलीय: दोन-तीन शब्द बोलता येत असतील तर ठीक, एका शब्दावर आलो तर जास्त होतंय. पावलं आखूड, पण लय तीच. नजर दहापंधरा मीटर पुढे, शिखराकडे नाही. आणि चढ संपला त्या क्षणी पेस वाढवायचा मोह होतो, तो टाळा. माथ्यावरचा तुमचा ११ ते १२ चा सपाट किमी दम परत मिळवायचाच आहे.

मनगटातल्या सेन्सरच्या हृदयगतीवर मात्र फार विसंबू नका. तो घामाने आणि हाताच्या हालचालीने गंडतो. शिवाय पेस तोच ठेवला तरी दुसऱ्या तासात ठोके आपोआप वर सरकतात. शरीर तापतं, घाम जातो, हृदयाला तेवढंच रक्त फिरवायला जास्त वेळा धडधडावं लागतं. ठोक्यांचा एकच आकडा धरून शेवटपर्यंत पळालात तर उत्तरार्धात विनाकारण मंदावाल.

मागचीबेंच:

म्हणूनच म्हणतो पेसर घ्या. एवढं डोकं कशाला.

चढउतार:

@मागचीबेंच, पेसर चांगलाच, पण या रूटवर जपून. बरेच पेसर प्रत्येक किमी एकाच पेसने मारतात. झेंडा २.२ टक्क्यांच्या चढावरही तोच पेस ठेवणार असेल तर त्याच्यामागे जाणारा अर्धा कळप १३ व्या किमीला गळतो. मी तर चढावर झेंडा शंभर मीटर पुढे जाऊ देतो आणि उतारावर, नदीकाठी हळूहळू गाठतो. आणि सुरुवातीलाच विचारून घ्यावं की तुम्ही गन टाइमवर (रेस सुटल्यापासूनचा वेळ) चाललाय की चिप टाइमवर (आपण स्टार्टची रेषा ओलांडल्यापासूनचा वेळ). गर्दीत स्टार्टची रेषा ओलांडायलाच दीड मिनिट गेलं असेल तर तेवढा फरक पहिल्या ३ किमीत भरून काढायला लोक उर फुटेस्तोवर पळतात. प्रमाणपत्रावर चिप टाइम मिळणार असेल तर या धावपळीला अर्थ नाही.

शंकासुर:

पण मोठे खेळाडू तर पहिल्या किमीपासून झोकून देतात. त्यांचं बघून शिकायचं नाही का?

किलोमीटरवाली:

चांगला प्रश्न आहे. इथिओपियाची धावपटू लेतेसेनबेत गिदे हिने २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाला हाफ १:०२:५२ मध्ये संपवली, किमीला ३ मिनिटांच्या किंचित आत. तिच्यासाठी हाफ ही जेमतेम तासाभराची रेस आहे. माणूस ज्या कमाल जोराने साधारण तासभर टिकू शकतो, त्याच्या आसपास ती अख्खी रेस काढू शकते. आपल्याला तेवढंच अंतर दुप्पट वेळ पळायचंय. तिची रेस संपते तेव्हा पायपीट त्या चढाच्या माथ्याच्या अलीकडे असतील. तासाभराचा जोर दोन तास टिकत नाही, म्हणून आपला जोर त्यांच्याहून एक पायरी खालचाच हवा. पहिले ५ किमी "हे फारच सोपं चाललंय" असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर पेस जास्त आहे.

निशिगंध:

माझं इथे विचारणं बरोबर आहे का माहीत नाही. मी फार हळू आहे, २:४० झाले तरी खूप. वरचं सगळं माझ्यासारखीला लागू पडतं का? मला मधे चालावं लागतं.

किलोमीटरवाली:

निशिगंध ताई, उलट तुम्हाला जास्त लागू पडतं, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळ रस्त्यावर असणार.

चालावं लागतं म्हणून चालू नका, ठरवून चाला. पहिल्या मिनिटापासून. ४ मिनिटं ७:१० च्या पेसने पळून १ मिनिट अगदी आरामात १०:०० ने चाललात तरी सरासरी ७:३६ येते, म्हणजे जवळपास २:४०. गंमत अशी की दमल्यावर चालणारी माणसं पुन्हा पळू शकत नाहीत, आणि दमायच्या आधी चालणारी शेवटपर्यंत पळतात. चालताना फक्त कडेला व्हा आणि मागच्याला हात दाखवा. चढ असेल तर चालण्याचं मिनिट तिथे खर्च करा. रेसची वेळमर्यादा किती आहे तेवढं आधी बघून ठेवा.

निशिगंध:

ठरवून चालायचं! इतके दिवस लाज वाटत होती. वाचनखूण साठवली.

पायपीट:

ठरलं. २ तास सोडले, २:०४ धरतोय. आता सात आठवड्यांत रूटची तयारी कशी करू? रूट माझ्या घरापासून लांब आहे, रोज जाता येणार नाही.

चढउतार:

एकदाच जाता येणार असेल तर शेवटचे ६ किमी बघून या, पहिले नाही. पहिले किमी कसेही जातात. उड्डाणपूल कुठून सुरू होतो, वर गेल्यावर फिनिश दिसतं की अजून एक वळण आहे, हे पायांना माहीत असलं की फार फरक पडतो. अनोळखी शेवट नेहमी लांब वाटतो. जमलं तर सायकलवर जा, आणि रेसच्या वेळीच, म्हणजे ऊन कुठून येतं आणि नदीकाठी वारा कुठला आहे तेही कळेल. समोरचा वारा जेवढं घेतो तेवढं पाठीचा वारा देत नाही. १५ ते १९ मध्ये वारा समोरून असेल तर एकटं पळू नका, चारपाच जणांच्या मागे लपा.

घराजवळ रूटची नक्कल करा. सात-आठ किमी सपाट, मग सापडेल त्या चढावर १५-२० मिनिटं, उतरताना मोकळे पाय, आणि लगेच ४ किमी रेसच्या पेसने. कळीचा भाग तो शेवटचा. उतारानंतर पाय लाकडी होतात, त्या पायांनी सपाटीवर पेस धरणं हे वेगळंच कौशल्य आहे. असं दोनदा करा, शेवटचं रेसच्या तीन आठवडे आधी. पहिल्यांदा दोन दिवस जिना उतरता येणार नाही. दुसऱ्यांदा दुखणं बरंच कमी असेल, कारण उताराच्या एका माराने स्नायू पुढचे काही आठवडे त्या माराला तयार होतात. पण हे शेवटच्या दहा दिवसांत अजिबात नको.

लाँग रन १९ पर्यंत न्या. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत जा, शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर आणा. पेस मात्र सोडू नका, छोटे छोटे तुकडे रेसच्या पेसने चालू ठेवा. या टेपरमध्ये (अंतर कमी करण्याच्या काळात) गुडघा, घोटा, घसा, सगळं दुखतंय असं वाटेल. दुर्लक्ष करा.

घड्याळवेडा:

पिण्याखाण्याबद्दल थोडक्यात. हाफमध्ये पूर्ण मॅरेथॉनसारखा शरीरातला कार्बोहायड्रेटचा साठा सहसा संपत नाही, पण दोन तासांच्या वर जाणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलेलं बरं. एका एनर्जी जेलमध्ये (पाकिटातला घट्ट गोड रस) साधारण २० ते २५ ग्रॅम असतं. पहिलं जेल चढाच्या आधी, सातव्या किमीला, पाण्याबरोबर. चढावर दम लागलेला असताना जेल गिळता येत नाही, अनुभवाचे बोल. दुसरं तेराव्याच्या आसपास. जे घेणार ते लाँग रनला घेऊन बघा.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर पोटभर प्यायल्याने फायदा नाही, अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते खरंच धोक्याचं असतं. पहिल्या टेबलाशी झुंबड असते, शेवटच्या टेबलाकडे जा. कपाची कड चिमटून चोच करा, नाहीतर निम्मं पाणी नाकात.

पायपीट:

(चार आठवड्यांनंतर) नक्कल दोनदा झाली. पहिल्यांदा चढावर ६:०० ने गेलो आणि नंतरच्या ४ किमीत ६:२० च्या आत आलोच नाही. दुसऱ्यांदा श्वास बघत ६:१५ ने चढलो, पुढचे चारही ५:५० च्या आत. चढउतारभाऊ, पटलं. शेवटचे ६ किमीही सायकलवर बघून आलो. उड्डाणपुलावरून फिनिश दिसत नाही! डावीकडे एक वळण आहे, त्यानंतर ४०० मीटर.

आता प्रत्येक टप्प्याचे आकडे कुणी तपासून द्याल का?

चढउतार:

हे घ्या. किमीच्या पाटीवरचे वेळ आहेत, घड्याळातल्या अंतराचे नाहीत.

पहिले २ किमी ५:५५ ने. उतार आहे, पाय ताजे आहेत, तरीही ५:५५. तुमची खोड तिथेच मोडायची.
मग ८ पर्यंत ५:५०. आठव्या पाटीला ४६:५०.
चढ ६:१२ ने, अकराव्याला १:०५:२६.
माथ्यावरचा किमी ५:५५, बाराव्याला १:११:२१.
उतार ५:४०, पंधराव्याला १:२८:२१.
नदीकाठ ५:५०, एकोणिसाव्याला १:५१:४१.
उरलेले २.१ किमी पुलासकट ५:५२ ने, फिनिश २:०३:५९.

सगळं पाठ करू नका. ८, ११, १५, १९ या चार पाट्यांचे वेळ पेनाने हातावर लिहा. प्रत्येक पाटीला १५ सेकंद मागेपुढे चालतात. आठव्याला अर्ध्या मिनिटाहून पुढे असाल तर मात्र ती खुशखबर समजू नका.

मागचीबेंच:

एका सेकंदाची मार्जिन ठेवलीय, कंजूष माणूस.

पायपीट:

आलो मंडळी. काल रेस झाली. आज जिना उलटा उतरतोय.

आठव्याला ४६:३८. पहिल्या २ किमीत इतके लोक पुढे गेले की मी शेवटचा राहिलो की काय असं वाटलं. एक आजोबा पाठ थोपटून "दमलात का?" म्हणाले. दुसऱ्याच किमीला! तरी हात बघत राहिलो.

चढावर १८:५३ लागले, ठरल्यापेक्षा १७ सेकंद जास्त. मधे एकदा श्वास एका शब्दावर आला, तेव्हा मुद्दाम सोडलं. अकराव्याला १:०५:३१. पहिल्या २ किमीत पुढे गेलेल्यांपैकी बरेच जण चालत होते. मी "चला, चला" म्हणालो नाही, गप्प पुढे गेलो. बाराव्याला १:११:३०. उतार जरा जास्तच मोकळा सोडला, पंधराव्याला १:२८:१४.

नदीकाठी वारा समोरूनच. लपायला माणसं शोधली तर आसपास दोघेच, आणि ते माझ्याच मागे लपलेले. १९ ला १:५१:५२, म्हणजे ११ सेकंद मागे. पुलावर मांड्या भरून आल्या पण चाललो नाही. डावीकडचं वळण माहीत होतं म्हणून पुलावरून फिनिश दिसलं नाही तरी हबकलो नाही. उरलेले २.१ किमी १२:१४ मध्ये.

चिप टाइम २:०४:०६. गन टाइम २:०५:३१. घड्याळात २१.२९.

गेल्या वर्षीपेक्षा ९ मिनिटं ५४ सेकंद कमी. ६ सेकंद कुठे गेले ते शोधतोय. बहुतेक तेराव्याच्या पाण्याच्या टेबलाशी, जेलचं पाकीट दाताने फाटत नव्हतं.

किलोमीटरवाली:

अभिनंदन! एकोणिसाव्यानंतर पूल चढूनही ५:५० ने पळालात, हाच आकडा मला सगळ्यात आवडला. गेल्या वर्षी याच वेळी तुम्ही चालत होतात.

निशिगंध:

अभिनंदन पायपीट. माझी पुढच्या महिन्यात आहे. ४ आणि १ चा सराव चालू केलाय.

चढउतार:

मस्त. उतार ५:३५ ने मारलात, तिथले १६ सेकंद नदीकाठी व्याजासकट गेले. पुढच्या वेळी. जेलचं पाकीट घरूनच कोपऱ्यावर थोडं कापून न्यावं, हे सांगायचं राहिलं.

शंकासुर:

घड्याळवेडा, तुम्ही म्हणाला होतात की मोजताना ०.१ टक्का जास्तीचं धरतात. २१ मीटर. पायपीट यांच्या ५:५० च्या पेसने २१ मीटरला ७ सेकंद लागतात. मग नेमकं २१.०९७५ अंतर त्यांनी २:०३:५९ मध्येच पार केलं ना?

घड्याळवेडा:

हिशोब बरोबर आहे. दुर्दैवाने फिनिशची कमान त्या २१ मीटरच्या पुढे असते.

पायपीट:

शंकासुर, तुम्ही माणूस देव आहात. प्रमाणपत्रावर २:०४:०६ च राहील, पण घरी मी २:०३:५९ सांगितलंय.